४८६ सुरू व्हायला पाच मिनिटं: आधी वेळ कुठे जातो ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, खाली यंत्रमाग, वरच्या खोलीत वडिलांनी १९९५ मध्ये जुळवून घेतलेलं ४८६, म्हणजे त्या काळचा पीसी. डीएक्स२-६६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम, ४२५ एमबीची वेस्टर्न डिजिटल हार्ड डिस्क, डॉस ६.२२ आणि त्यावर विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११. पूर्वी सव्वा मिनिटात प्रोग्रॅम मॅनेजर (विंडोजचा पहिला पडदा) दिसायचा, आता पाच मिनिटं लागतात. तारीख दर वेळी १९८० दाखवते, एफ१ दाबल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. सीडी ड्राइव्ह बिघडली म्हणून काढून ठेवली आहे. डिस्क म्हातारी झाली का, आणि तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड लावावं का, असं विचारलं आहे.

डिस्क बदलायची घाई करू नका. जुनी झाली म्हणून डिस्क हळू फिरू लागत नाही. तिची गती ठरलेली असते, ती गाठता आली नाही तर डिस्क वाचूच शकत नाही. सव्वा मिनिटाचं काम पाच मिनिटांवर जातं तेव्हा बहुतेक वेळा मशीन कशाची तरी वाट बघत उभं असतं: काढून टाकलेल्या ड्राइव्हची, न येणाऱ्या उत्तराची, किंवा एखादा सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा) एकदाचा वाचला जाण्याची. तुमच्या वर्णनात अशा दोन वाटा तर उघड दिसतात, मदरबोर्डवरचा रिकामा झालेला सेल (१९८० ही तारीख त्याचीच खूण) आणि काढलेली सीडी ड्राइव्ह. तरी इथे बसून खात्री देता येणार नाही, कारण मदरबोर्ड कोणता, बायोस (स्विच दाबल्यावर सगळ्यांत आधी चालणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) कोणतं आणि डिस्कचा आवाज कसा, यावर पुढचं बरंच ठरतं.

मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि चार वेळा नोंदवा: स्विच दाबल्यापासून मेमरी मोजून होईपर्यंत, तिथून 'स्टार्टिंग एमएस-डॉस' ही ओळ येईपर्यंत, तिथून सी प्रॉम्प्टपर्यंत (डॉसची आज्ञा टाइप करायची ओळ), आणि 'विन' टाइप केल्यापासून प्रोग्रॅम मॅनेजरपर्यंत. विन ही आज्ञा ऑटोएक्झेक.बॅट या सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलच्या शेवटी असेल तर तात्पुरती तिच्या आधी 'रेम' लिहा, म्हणजे ती ओळ टळेल आणि मशीन प्रॉम्प्टवर थांबेल. अशा मशीनला पहिल्या तीन टप्प्यांत मिळून साधारण ३० ते ४५ सेकंद लागणं ठीक आहे, विंडोजला आणखी ३० च्या आसपास. ज्या टप्प्याचा आकडा फुगलेला असेल तिथेच शोधायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आकड्याबरोबर कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा बघा आणि कान डिस्ककडे ठेवा. दिवा विझलेला, आवाज नाही आणि पडदा स्थिर असेल, तर कुठला तरी ड्रायव्हर किंवा बायोस उत्तराची मुदत संपायची वाट बघतंय. दिवा लुकलुकतोय आणि डोकं हलल्याची बारीक खरखर येतेय, तर खरोखर काम चाललंय, फक्त ते जास्त आहे. दिवा एकसारखा पेटलेला आणि ठराविक अंतराने टक्‌, टक्‌ असा एकच आवाज, तर डिस्क एखादा सेक्टर वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतेय. हा तिसरा प्रकार दिसला तर इथेच थांबा, मशीन बंद करा आणि खाली नक्कल काढण्याबद्दल लिहिलंय ते आधी करा.

एक सोपी चाचणीही करून टाका. मशीन पूर्ण सुरू झाल्यावर रिसेटचं बटण दाबा. रिसेटमध्ये डिस्कची मोटर थांबत नाही. थंड स्थितीतून सुरू करताना उशीर होतो पण रिसेटनंतर होत नाही, तर दोष मोटर गती घेण्यात किंवा एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) शोधायचा. दोन्ही वेळा सारखाच उशीर होत असेल तर मोटरला दोष देऊ नका. तो सेटिंग, जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा सॉफ्टवेअरचा मामला आहे.

आता सेलबद्दल. तारीख १९८० वर जाते याचा अर्थ बंद असताना सीमॉसला (बायोसची सेटिंग जपणाऱ्या चिपला) वीज मिळत नाही, आणि तारखेबरोबर सगळी सेटिंग जातात. मग बायोस स्वतःच्या सुरक्षित मूल्यांवर येतं आणि ती मूल्यं मुद्दाम संथ ठेवलेली असतात. काही बायोसमध्ये त्यात प्रोसेसरच्या आतली आणि बाहेरची कॅश (रॅमपेक्षा जलद अशी छोटी मेमरी) दोन्ही बंद असतात. ४८६ ची कॅश बंद झाली की प्रत्येक सूचना मूळ रॅममधून आणावी लागते आणि वेग कित्येक पटींनी पडतो. विंडोजला तीन मिनिटं लागण्याचं हे एकटं कारणही पुरेसं असू शकतं. मेमरी मोजून झाल्यावर पडद्यावर चौकट येते, तिच्यात कॅश मेमरीसमोर २५६ के किंवा १२८ के दिसायला हवं. तिथे 'नन' असेल तर चोर सापडला.

डिलीट दाबून सेटअपमध्ये जा. अवॉर्ड बायोस असेल तर 'लोड बायोस डिफॉल्ट्स' आणि 'लोड सेटअप डिफॉल्ट्स' असे दोन पर्याय दिसतील. नावं इतकी जवळची आहेत की पुष्कळ जण पहिला निवडतात. पहिला म्हणजे अडचणीच्या वेळी मशीन कसंबसं उठावं म्हणून ठेवलेली मूल्यं. तुम्हाला दुसरा हवा आहे. त्यानंतर दोन्ही कॅश 'एनेबल्ड', एक एमबीवरच्या मेमरीची चाचणी बंद, फ्लॉपी सीक बंद, आणि बूटचा क्रम आधी सी, मग ए. हार्ड डिस्कचा प्रकार 'ऑटो' ठेवू नका, नाहीतर प्रत्येक वेळी शोधाशोध होते. डिस्कच्या लेबलवरचे आकडे हाताने भरा: ९८९ सिलिंडर, १५ हेड, ५६ सेक्टर. गुणाकार करून बघा, ५१२ बाइटच्या सेक्टरने ४२ कोटी ५३ लाख बाइट येतात, म्हणजे ४२५ एमबी जुळले. लेबलवर दुसरे आकडे असतील तर लेबल खरं. मात्र एक अट आहे. पूर्वी कोणी वेगळ्या आकड्यांवर डिस्क फॉरमॅट केली असेल तर लेबलचे आकडे टाकून ती बूट होणार नाही. म्हणून आत्ता ज्या आकड्यांवर चालतेय ते आधी कागदावर उतरवा. दुसऱ्या ड्राइव्हसमोर 'नन' टाका. स्लेव्ह, म्हणजे केबलवरचा दुसरा ड्राइव्ह, 'ऑटो' राहिला तर बायोस नसलेल्या ड्राइव्हची वाट बघतं.

हे सगळं टिकायला सेल हवा. बोर्डवर चपटा सीआर २०३२ असेल तर सोपं आहे, नवा पहिल्याच दुकानात मिळेल. बोर्डला डाग दिलेला, साधारण निळा किंवा हिरवा, पिंपासारखा ३.६ व्होल्टचा निकेल कॅडमियम सेल असेल तर मात्र वेगाचा विचार बाजूला ठेवा आणि आजच तो बघा. हे सेल गळतात. त्यातला द्राव क्षारीय असतो आणि तो तांब्याच्या रेषा खात कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पोचतो. टोकांशी हिरवी-पांढरी बुरशी दिसली की सेल कापून काढा, जागेवर कापसाच्या बोळ्याने पांढरा व्हिनेगर लावा म्हणजे क्षार मरतो, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. त्याच जागी सरळ सीआर २०३२ जोडू नका. बोर्ड तिथे चार्जिंगचा प्रवाह पाठवतो आणि लिथियमचा सेल चार्ज करणं धोक्याचं आहे. मध्ये १एन५८१७ सारखा डायोड लावावा लागतो. त्याहून बरं म्हणजे बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. तिथे तीन एए सेलांचा होल्डर जोडायचा, बोर्डाच्या पुस्तिकेप्रमाणे जंपर बदलायचा, आणि होल्डर कॅबिनेटच्या तळाशी ठेवायचा. उद्या हे सेल गळले तरी बोर्ड वाचतो.

आता सीडी ड्राइव्ह. ती डिस्कच्याच रिबन केबलवर होती का? असेल तर डिस्कवरचा जंपर अजून 'मास्टर'वर (केबलवरच्या दोघांतला पहिला) असणार. त्या काळच्या वेस्टर्न डिजिटल डिस्कना तीन स्थिती आहेत: एकटी, स्लेव्हसह मास्टर, आणि स्लेव्ह. मास्टरवर ठेवलेल्या डिस्कला वाटतं केबलवर आणखी कोणीतरी आहे. रिसेट झाल्यावर ती त्या दुसऱ्याचा 'मी तयार आहे' हा इशारा यायची वाट बघते, आणि एटीएच्या (डिस्क जोडणीच्या मानकाच्या) नियमांप्रमाणे ही मुदत ३१ सेकंदांपर्यंत असते. तुमच्या दुसऱ्या टप्प्यात अर्ध्या मिनिटाच्या आसपास आकडा आला आणि तेवढा वेळ पडदा गप्प असला, तर दुसरं काही शोधू नका. मशीन बंद करून जंपर काढा, किंवा लेबलवरच्या आकृतीत 'सिंगल'साठी दाखवलंय तसा आडवा बसवा. इतर कंपन्यांच्या डिस्कना बहुधा एकटीसाठी वेगळी स्थिती नसते, तिथे मास्टरच बरोबर. म्हणून आकृती बघूनच हात लावा.

त्याच ड्राइव्हची दुसरी खूण कॉन्फिग.सिसमध्ये, म्हणजे डॉस सुरू होताना ड्रायव्हर चढवणाऱ्या फाइलमध्ये, उरलेली असते. सीडीचा ड्रायव्हर तिथे आहे, ड्राइव्ह नाही, आणि ड्रायव्हर तिला शोधत राहतो. 'स्टार्टिंग एमएस-डॉस' ही ओळ दिसताच एफ८ दाबा. प्रत्येक ओळ हो-नाही विचारत चालेल, आणि कोणत्या ओळीवर मशीन अडतं ते डोळ्यांनी दिसेल. एफ५ दाबलं तर कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट दोन्ही पूर्ण टाळल्या जातात, ती सगळ्यांत जलद तुलना. सीडीच्या ड्रायव्हरची ओळ आणि ऑटोएक्झेक.बॅटमधली एमएससीडीईएक्सची ओळ, दोन्हींच्या आधी 'रेम' लिहा. ओळी पुसू नका, उद्या ड्राइव्ह दुरुस्त होऊन आली तर लागतील. कॉन्फिग.सिसमधलं हायमेम.सिस (एक एमबीवरची मेमरी वापरू देणारा ड्रायव्हर) सुरू होताना मेमरी पुन्हा तपासतं, त्या ओळीच्या शेवटी टेस्टमेम ऑफ हा स्विच दिला की ते थांबतं. ऑटोएक्झेकमध्ये दर वेळी सगळी डिस्क तपासणारा अँटिव्हायरस किंवा स्कॅनडिस्क असेल तर तो आठवड्यातून एकदा हाताने चालवा. स्मार्टड्राइव्हची (डिस्कवरची माहिती रॅममध्ये धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची) ओळ मात्र राहू द्या, आणि ती फाइलच्या वरच्या बाजूला हवी, म्हणजे तिच्यानंतरच्या सगळ्या वाचनाला कॅशचा फायदा मिळतो.

त्या ओळीला स्लॅश एक्स हा स्विच जोडा. लिहायची माहिती रॅममध्ये साठवून थोड्या वेळाने डिस्कवर उतरवण्याची सोय त्याने बंद होते. वेगात किंचित तोटा होतो, पण लाइट कधी जाईल याचा भरवसा नसेल तिथे तो तोटा सोसावा. माहिती रॅममध्ये असताना लाइट गेली की फॅट (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे त्याची नोंद) अर्धवट लिहिलं जातं आणि हरवलेले क्लस्टर, म्हणजे कोणत्याच फाइलचे नसलेले तुकडे, साठत जातात. छोटा यूपीएस लावलात तर उत्तमच.

विंडोजच्या टप्प्यात मराठी माणसाच्या मशीनवर पहिली झडती फाँटची घ्यायची. लग्नपत्रिका, अर्ज, हिशेबाची पत्रं यासाठी त्या काळी एकेका मशीनवर शे-दीडशे मराठी फाँट चढवलेले असत. विंडोज ३.११ सुरू होताना नोंदवलेल्या प्रत्येक ट्रूटाइप फाँटची फाइल उघडून बघतं. कंट्रोल पॅनेलमध्ये फाँट्स उघडा आणि न लागणारे काढा, पण 'डिलीट फाँट फाइल फ्रॉम डिस्क' ही चौकट रिकामी ठेवा. हे मनापासून सांगतो. त्या काळचे मराठी फाँट युनिकोडमधले नव्हते. प्रत्येक कंपनीने अक्षरांचे क्रमांक आपापल्या पद्धतीने लावले होते. फाँटची फाइल गेली की वडिलांनी लिहिलेली पत्रं पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होऊन दिसतील, आणि तोच फाँट आज पुन्हा मिळेलच असं नाही. टीटीएफ फायलींची वेगळी नक्कल काढून मगच यादी कमी करा.

मग स्टार्टअप ग्रुप. बोधचिन्ह दिसत असताना शिफ्ट दाबून धरा, ग्रुपमधले प्रोग्रॅम टळतील आणि फरक लगेच मोजता येईल. विन.आयएनआय या विंडोजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'लोड' आणि 'रन' या ओळीही बघा. टेम्प फोल्डरमध्ये टीएमपी फायली साचल्या असतील तर डॉस प्रॉम्प्टवरून पुसा, विंडोज चालू असताना नको. फॅटमध्ये फोल्डरची यादी पहिल्या ओळीपासून क्रमाने शोधली जाते, हजारभर फायली असल्या की प्रत्येक नवी फाइल बनवताना ती सगळी यादी चाळावी लागते. नेटवर्क कार्ड कधी काढलं असेल तर त्याचे ड्रायव्हरही सेटअपमधून काढा. 'विन स्लॅश बी' अशी आज्ञा दिलीत तर बूटलॉग.टीएक्सटी तयार होते. काय चढलं आणि काय अडलं ते तिच्यात दिसतं.

सुरू होताना ३२-बिट डिस्क ड्रायव्हर चढवता आला नाही, असा संदेश येत असेल तर दुर्लक्ष करू नका. बूट सेक्टरमध्ये (मशीन डिस्कवरून सुरू होताना आधी वाचला जाणारा सेक्टर) बसलेला व्हायरस डिस्ककडे जाणारा मार्ग बदलतो, विंडोजला ते ओळखीचं वाटत नाही आणि ते बायोसच्या संथ वाटेने जातं. जुन्या फ्लॉपींतून आपल्याकडे हे खूप पसरले. ५ जानेवारीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावणारा 'जोशी' त्यातलाच. चेकडिस्क चालवा आणि शेवटी एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दाखवते का ते बघा. दोन-चार केबी कमी असेल तर लेखन-बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून बूट करून अँटिव्हायरस चालवा. नेमका १ केबी कमी असणं काही बायोसमध्ये नेहमीचं असतं. एफडिस्क स्लॅश एमबीआर (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला बूटचा भाग नव्याने लिहिणारी आज्ञा) हा उपाय सर्रास सांगितला जातो, पण काही व्हायरस मूळ पार्टिशन टेबल हलवून ठेवतात, आणि काही डिस्कवर मोठी क्षमता दिसावी म्हणून बूट सेक्टरमध्येच सॉफ्टवेअर घातलेलं असतं. दोन्ही वेळा या आज्ञेनंतर सी ड्राइव्ह दिसेनाशी होते. नक्कल हातात आल्याशिवाय ती देऊ नका.

आता खुद्द डिस्क. टकटक असेल तर स्कॅनडिस्कची पृष्ठभाग तपासणी आणि डीफ्रॅग दोन्ही नंतर. दोन्हींत डिस्कला तासभर राबावं लागतं, आणि डीफ्रॅग तर दुखऱ्या जागेवरच्या फायली उचलून दुसरीकडे ठेवत जातं. आधी नक्कल. बाजारात मिळणारे यूएसबी ते आयडीई (या डिस्कच्या रिबन केबलची जोडणी) अडॅप्टर या वयाच्या डिस्कला बहुधा ओळखत नाहीत, कारण त्यांना एलबीए (सेक्टरना सरळ क्रमांक देणारी) पद्धत लागते आणि इतक्या जुन्या डिस्क पुष्कळदा फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर पद्धतच जाणतात. मदरबोर्डवरच आयडीईचं सॉकेट असलेला जुना पेंटियम ४ सारखा पीसी शोधा, त्यात डिस्क लावा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, म्हणून दुखऱ्या डिस्कसाठी तेच योग्य. डिस्क धडधाकट असेल तर डॉसमधलं इंटरलिंक आणि पॅरलल केबलही पुरते.

थंड असताना सुरू व्हायला वेळ लागत असेल तर मल्टिमीटर घ्या. एखाद्या मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरवर काळ्या तारेच्या तुलनेत लाल तार ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि पिवळी ११.४ ते १२.६ व्होल्ट हवी. मोजमाप मोटर गती घेत असतानाच घ्या, कारण १२ व्होल्टवर सगळ्यांत जास्त ओढ तेव्हाच असते. त्या क्षणी पिवळी ११ च्या खाली जात असेल तर एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकलेत. एसएमपीएस बदला किंवा जाणत्याकडे द्या, स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. नवा एटी एसएमपीएस जोडताना बोर्डवरच्या दोन कनेक्टरांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींशेजारी यायला हव्यात. उलट लावलं तर बोर्ड जातो.

खाली माग चालतो म्हणून आणखी एक. सुताचा बारीक तंतू पंख्याने आत ओढला जातो आणि एसएमपीएसच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात बाहेरच ४२ अंश असतात, हवा फिरली नाही तर कॅबिनेटच्या आत डिस्क ५५ ची मर्यादा सहज गाठते आणि वाचनाच्या चुका वाढतात. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडा, मऊ ब्रशने तंतू सोडवा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून ठेवा. डिस्कच्या वर असलेलं बारीक छिद्र हवेचा दाब सारखा राहावा म्हणून असतं, त्यावर ब्लोअर नको आणि चिकटपट्टी तर अजिबात नको.

कॉम्पॅक्ट फ्लॅशचं म्हणाल, तर पर्याय चांगला आहे, पण दुरुस्ती म्हणून नव्हे. सेल, जंपर आणि फाँट तसेच ठेवून कार्ड लावलंत तर कॅश बंदच राहील आणि विंडोज रखडतंच राहील. हे सगळं जागेवर आल्यावर डिस्कला विश्रांती द्यायची म्हणून लावायचं असेल तर ५१२ एमबीचंच कार्ड घ्या. १९९५ च्या पुष्कळ बायोसना १,०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२८ एमबीपलीकडचं दिसत नाही. कार्ड तात्पुरतं स्लेव्ह म्हणून लावा. त्या वेळी डिस्कचा जंपर मात्र पुन्हा 'स्लेव्हसह मास्टर' करावा लागेल आणि बायोसमध्ये स्लेव्हची नोंदही. एफडिस्कने पार्टिशन करा, फॉरमॅट स्लॅश एस द्या, एक्सकॉपीने सगळं उतरवा. डॉस ६.२२ चं एक्सकॉपी लपवलेल्या फायली उचलत नाही, म्हणून आधी अ‍ॅट्रिबने त्यांचं लपणं काढा. ३८६स्पार्ट.पार ही स्वॅप फाइल मात्र नेऊ नका, विंडोजमधून ती नव्याने बनवा. कार्ड एकटं मास्टर केल्यावर पार्टिशन सक्रिय करायला विसरू नका, नाहीतर मशीन डॉसपर्यंत पोचणारच नाही. मूळ डिस्क हाताळणीचा धक्का बसणार नाही अशी, अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

क्रम असा ठेवा: चार टप्प्यांची वेळ, मग महत्त्वाच्या फायली आणि फाँटची नक्कल, मग सेल आणि बायोस, मग जंपर, मग एफ८, मग फाँट. प्रत्येक बदलानंतर पुन्हा वेळ मोजा आणि एका वेळी एकच बदल करा. चारही आकडे, कॅशच्या चौकटीत काय लिहिलंय ते, आणि डिस्कवरच्या जंपरचा फोटो पाठवलात तर पुढचं नेमकं सांगता येईल.